कंप एक, अर्थ दोन
योगाभ्यासातील भावनेचा मराठी विचार : औंध, लोणावळा आणि नंतर

१

रहिमतपूर स्टेशन एके काळी औंध संस्थानचे दार होते. पुणे-मिरज लोहमार्गावर इथे उतरायचे आणि पूर्वेला वीसेक किलोमीटर जाऊन औंध गाठायचे, हा बाहेरच्या पाहुण्यांचा रस्ता. कुणी १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार देणारे संस्थान पाहायला आले, कुणी यमाईच्या दर्शनाला, कुणी संग्रहालयातील चित्रे पाहायला, तर कुणी राजेसाहेबांचे सूर्यनमस्कार समजून घ्यायला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांचे नाव आमच्या भागात आजही आदराने घेतले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्यांचे राज्य नाही. आसन, प्राणायाम, नमस्कार करणाऱ्या माणसाच्या भावनांचे नेमके काय होते, हा या लेखाचा प्रश्न आहे. गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्राने योगावर विपुल लिहिले. त्यात या प्रश्नाला किती जागा मिळाली, आणि कमी मिळाली असेल तर त्याची किंमत कोण देतो, हे मला तपासायचे आहे.

प्रश्न पुस्तकी नाही. आज तालुक्याच्या गावीही पहाटे योगवर्ग भरतात. फलकावर ‘ताणमुक्ती’ हा शब्द हमखास असतो. वर्गात शवासनाच्या वेळी एखाद्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि शिकवणाऱ्याला काय करावे ते कळत नाही. तो म्हणतो, “ताई, चांगले विचार मनात आणा.” नैराश्यावर औषध घेणाऱ्याला शेजारची चटई सांगते, “गोळ्या कशाला? नियमित प्राणायाम करा.” दोघांचाही हेतू चांगला असतो. त्यांच्यामागे एक समजूत उभी आहे : योग म्हणजे मन शांत करणे, आणि शांत मन म्हणजे भावना नसलेले किंवा फक्त चांगल्या भावना असलेले मन. ही समजूत आली कुठून?

२

आधी शब्द पाहू, कारण घोळाची सुरुवात तिथेच आहे.

आज आपण ‘भावना’ म्हणतो ते इंग्रजीतल्या ‘इमोशन’साठी. जुन्या शास्त्रांत हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. वैद्यांच्या घरी तो अजून जिवंत आहे. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या सात भावना दिल्या, असे वैद्य सांगतात, तेव्हा ते चूर्ण रसात भिजवून, खलून, वाळवून पुन्हा भिजवणे असा त्याचा अर्थ असतो. ‘भू’ म्हणजे होणे, आणि त्याचे प्रयोजक रूप म्हणजे होऊ देणे, घडवणे. म्हणजे भावना ही आपोआप उसळणारी गोष्ट नसून पुन्हा पुन्हा करायची कृती आहे. पतंजलीच्या सूत्रांत मंत्राच्या अर्थाची भावना येते, मैत्री-करुणा-मुदिता-उपेक्षा यांची भावना येते, प्रतिपक्षाची भावना येते. तिन्ही ठिकाणी हाच मुरवण्याचा अर्थ आहे.

आज उसळणाऱ्या गोष्टीला आपण जे म्हणतो, त्याला जुन्या मराठीत विकार, वृत्ती, भाव, मनोविकार असे शब्द होते. त्यांपैकी ‘मनोविकार’ पुढे रोगाच्या दारात गेला आणि मोकळी जागा ‘भावना’ने घेतली. परिणाम असा की, सुखी माणसाबद्दल मैत्रीची भावना ठेवावी, हे आजचा वाचक ‘मैत्री वाटून घ्यावी’ असे वाचतो. शेजाऱ्याला नवे घर झाले तर मला आनंद वाटलाच पाहिजे. नाही वाटला तर माझे काहीतरी चुकते. मूळ उपदेश याहून सोपा आणि माणसाला सोसवणारा आहे : आज वाटले नाही तरी चालेल, पण त्या दिशेने मनाला रोज एक पूट द्या.

प्रतिपक्षभावनेचे तर आपण पार उलटे केले आहे. वाईट विचार आला की चांगला विचार आणावा, असा त्याचा सरसकट अर्थ सांगितला जातो. पतंजली पुढच्याच सूत्रात काय करायला सांगतो ते पाहा. हिंसेचा विचार मी स्वतः अमलात आणला, दुसऱ्याकडून करवला की नुसती मान डोलावली? तो लोभातून आला, क्रोधातून की मोहातून? तो सौम्य, मध्यम की तीव्र? तीन गुणिले तीन गुणिले तीन असे सत्तावीस प्रकार होतात, आणि भाष्यकार व्यास ते पुढे एक्क्याऐंशीपर्यंत नेतो. शेवटी या सगळ्याचे फळ दुःख आणि अज्ञान हेच आहे, हे पाहायचे. याला वाईट विचारावर पांघरूण घालणे कसे म्हणता येईल? हे त्या विचाराचे पंचनामे करणे आहे. सकारात्मक विचारसरणीचा हा पूर्वज आहे, असे म्हणायला मला तरी आधार सापडत नाही.

३

आता शरीराकडे येऊ. चित्त विखुरले की सोबत काय काय येते, याची एक लहान यादी पतंजलीने दिली आहे : दुःख, दौर्मनस्य, अंगाला सुटणारा कंप आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास. मन आणि शरीर एका ओळीत बसवणारी ही यादी विलक्षण आहे. भावना बिघडली की श्वास बिघडतो, ही गोष्ट योगशास्त्राने अशी सहज नोंदवून ठेवली.

पण मराठी माणसाकडे दुसरीही एक यादी आहे. नाट्यशास्त्रातून भक्तीत आलेले अष्टसात्त्विक भाव : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यातला वेपथु म्हणजेच कंप. ‘ज्ञानेश्वरी’त एकीकडे सहाव्या अध्यायात योगाची स्थिर बैठक आहे, आणि दुसरीकडे भाव दाटून अंग थरथरणे हे प्रेमाचे लक्षण म्हणून येते. वारकऱ्याला कीर्तनात कंठ दाटून आला तर तो स्वतःला भाग्यवान समजतो. योगसूत्राच्या विद्यार्थ्याचे अंग थरथरले तर त्याला अंतराय समजून दूर करायचे असते.

कंप एकच, पण एका परंपरेत तो अडथळा आहे आणि दुसरीत कृपा. आपण दोन्ही परंपरांचे वारस आहोत आणि त्यांची गाठ कुणी घालून दिलेली नाही. शवासनात रडणाऱ्या बाईपुढे शिक्षक गोंधळतो, तो इथेच. ती कीर्तनात रडली असती तर कुणीही तिला थांबवले नसते.

४

बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आयुष्यात ही फारकत ठळक दिसते. राजेसाहेब उत्तम कीर्तनकार होते आणि चित्रकारही. रामायणाची चित्रे त्यांनी काढली. तारुण्यात सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केल्यावर ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि मग तो त्यांनी संस्थानातल्या शाळांत सक्तीचा केला. १९३८ साली लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनच्या डेंट प्रकाशनाने काढले आणि औंधचा नमस्कार जगभर गेला.

या लेखनाची ताकद त्याच्या साधेपणात आहे. साधने नकोत, जागा थोडी, वेळ थोडा, बाई-पुरुष-मूल कुणीही करावा. आपल्या प्रजेच्या पचनाची, पाठीच्या कण्याची, बायकांच्या आरोग्याची काळजी वाहणारा राजा हे दृश्य आजही हलवून जाते. पण भावनेच्या अंगाने वाचले तर निराळेच दिसते. नमस्काराच्या वेळी बीजमंत्रांसह सूर्याची नावे घ्यायची. त्या बीजाक्षरांचे समर्थन राजेसाहेब मुख्यतः ध्वनीच्या कंपनांवर करतात. उच्चाराने शरीराच्या अमुक भागाला चालना मिळते, असा तो युक्तिवाद आहे. नावांचा अर्थ मागे पडतो. बारा नावांतले पहिलेच नाव ‘मित्र’. पहाटे उठून पहिला वाक मित्राला घालायचा, यात मैत्रीची केवढी भावना मुरवता आली असती! पुस्तकात भावना येते ती प्रामुख्याने उत्साह आणि तरतरी या रूपाने. संध्याकाळच्या कीर्तनात करुण, वत्सल, अद्भुत सगळे रस जागवणारा माणूस सकाळच्या नमस्कारात त्यांना जागा देत नाही.

याचा दोष व्यक्तीला देणे बरोबर होणार नाही. तो काळ व्यायामाच्या प्रतिष्ठेचा होता. पारतंत्र्यातल्या समाजाला दुबळेपणाचा कलंक पुसायचा होता. बळकट शरीर हेच त्या वेळचे उत्तर होते आणि अश्रूंची गणना दुबळेपणात होत होती. तो काळ गेला, पण त्याची सवय आपल्या योगवर्गांत राहून गेली.

५

लोणावळ्याची कथा वेगळी आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), यांनी १९२४ साली कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौलीच्या वेळी पोटाच्या आत काय होते, हे क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी पाहण्याचे धाडस त्यांनी केले. त्यांचा मोठेपणा मला एका गोष्टीत दिसतो. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, अशी लोकसमजूत होती आणि आजही आहे. ती प्रचाराच्या सोयीची होती. तरीही प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या वाढीव पुरवठ्यात शोधू नये, मज्जासंस्थेवरील परिणामात शोधावे, असे कुवलयानंदांनी मांडले. मोजमापाचे ऐकायचे, हा धडा त्यांनी घालून दिला.

त्याच धड्यातून भावनेविषयीचा एक दुर्लक्षित निष्कर्ष निघाला. कोवूर बेहनन हा मूळ केरळचा तरुण अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करत होता. १९३१-३२च्या सुमारास तो लोणावळ्याला येऊन कुवलयानंदांकडे शिकला, आणि १९३७ साली त्याने योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. प्राणायामापूर्वी आणि नंतर बेरजा करणे, रंगांची नावे घेणे अशा चाचण्या त्याने स्वतःवरच घेतल्या. प्राणायामानंतर बौद्धिक कामाचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. त्याच वेळी मनाला एक सुखद निवांतपणा येतो, हेही त्याने नोंदवले. म्हणजे बरे वाटणे आणि तल्लख होणे या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. एकाच माणसावरचा प्रयोग म्हणून त्याला मर्यादा आहेतच. पण योगाने कार्यक्षमता वाढते म्हणून कंपन्या कर्मचाऱ्यांचे वर्ग घेतात, त्या काळात हा जुना निष्कर्ष पुन्हा वाचण्यासारखा आहे. योगाने दिलेला निवांतपणा कदाचित कामाच्या उपयोगी पडत नसेल, आणि त्यात बिघडले काय?

पुढे १९६३ साली कुवलयानंद आणि डॉ. विनेकर यांचे योगचिकित्सेवरील पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यामार्फत प्रसिद्ध झाले. मनाचा क्षोभ, स्नायूंचा ताण आणि रोग यांची साखळी त्यात विचारात घेतली आहे. ‘योगवासिष्ठा’त आधीतून व्याधी उपजते असे जे सांगितले आहे, त्याला इथे शरीरशास्त्राची भाषा मिळाली. माझी तक्रार एवढीच की, या भाषेत भावना क्षोभाच्या रूपात आली आणि तिथेच अडकली. क्षोभ म्हटले की तो शमवायचाच असतो. शोकाला, अपराधी वाटण्याला, रागाला काही सांगायचे असेल, ही शक्यता त्या शब्दात मावत नाही. आजच्या फलकावरची ‘ताणमुक्ती’ ही त्याच शब्दाची धाकटी बहीण.

६

पाश्चात्त्य मानसशास्त्रात नेमका हाच वाद दीडशे वर्षांच्या आसपास चालू आहे. विल्यम जेम्सने १८८४ साली आणि कार्ल लाङ्गेने १८८५ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे मांडले की आधी शरीर बदलते आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. वॉल्टर कॅननने १९२७ साली हरकत घेतली : भीतीत आणि रागात आतल्या इंद्रियांचे बदल बरेचसे सारखेच असतात, मग दोन्ही भावना वेगळ्या कशा कळतात? १९६२ साली शॅक्टर आणि सिंगर यांनी तोड काढली. शरीराची खळबळ एकच असू शकते, तिला नाव कोणते मिळते ते प्रसंगावर ठरते. त्यांचा प्रयोग पुढे इतरांना जसाच्या तसा जमला नाही, हे सांगितले पाहिजे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला. आमच्या कंपाची आणि वेपथूची गोष्ट याहून वेगळी नाही.

जेम्सच्या बाबतीत एक गंमत आहे. आपल्या एका युरोपीय मित्राने महिनोन्‌महिने हठयोग करून खचलेली प्रकृती सावरली, याची हकिकत त्याने माणसाच्या सुप्त शक्तींवरील निबंधात दिली आहे. भावना शरीरातून येते असे सांगणारा हा पंडित, योगाचे फळ दिसले तेव्हा मात्र श्वासाकडे वळला नाही. ही आत्मसूचना असावी, इच्छाशक्तीचे न वापरलेले थर जागे झाले असावेत, असा त्याचा कल दिसतो. स्वतःचा सिद्धान्त हाताशी असताना त्याने तो इथे वापरला नाही.

श्वासाची बाजू २००२ साली बेल्जियममधील फिलिपो आणि सहकाऱ्यांनी तपासली. काही लोकांना आनंद, राग, भीती, दुःख या भावना मनात आणून श्वास कसा होतो ते नोंदवायला सांगितले. मग दुसऱ्या लोकांना, हेतू न सांगता, तशा प्रकारे श्वास घ्यायला लावला. त्यांना त्या त्या भावना जाणवू लागल्या. पतंजलीच्या यादीतला श्वास-प्रश्वास हा भावनेचा सोबती तर आहेच, शिवाय तिला बोलावूनही आणतो. प्राणायामाच्या वर्गात कुणाला अचानक रडू येणे यात अद्‌भुत काही नाही.

उपचाराच्या अभ्यासांचे आकडे आपल्याकडे फार उत्साहाने सांगितले जातात, म्हणून ते पूर्ण सांगतो. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार (१९१८-२०१४) यांच्या पद्धतीचा नैराश्यावरील उपयोग शपिरो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तपासला; त्यांचा निबंध २००७ साली आला. औषध घेऊनही पूर्ण बरे न झालेले रुग्ण वीस वर्गांना बसवले. ३७ जणांनी नाव घातले, १७ जणांनी शेवटपर्यंत केले, त्यांतले ११ जण नैराश्याच्या पकडीतून बाहेर आले. प्रचारात अकरा भागिले सतरा सांगितले जाते. भागाकार सदतीसने केला तर चित्र बदलते. शिवाय औषधे चालूच होती. बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या २०१४च्या अभ्यासात जुन्या आघाताने ग्रासलेल्या, इतर उपचारांनी न सुधारलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनंतर योगाच्या गटातील ३१ पैकी १६ जणी आजाराच्या व्याख्येबाहेर आल्या, दुसऱ्या गटातील २९ पैकी ६ जणी. हा परिणाम लक्षणीय आहे. पण तिथेही योग हा चालू उपचाराच्या जोडीला होता, त्याच्या जागी नव्हता.

आणि तो योग कसा होता? शिक्षक आज्ञा देत नव्हता, सुचवत होता. अंगाला हात लावून आसन दुरुस्त करत नव्हता. हात वर नेताना खांद्यात काय जाणवते, याकडे लक्ष वेधत होता. नको वाटले तर थांबण्याची मोकळीक होती. ज्यांच्या शरीरावर दुसऱ्यांनी सत्ता गाजवली होती, त्यांना आपल्या शरीराची जाणीव पुन्हा आपलीशी करायची होती. आमच्या वर्गांतला ‘एक-दोन’चा कवायती सूर तिथे घातकच ठरला असता.

७

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. योगाचे ध्येय चित्तवृत्तींचा निरोध आहे. रडणे-हसणे कुरवाळत बसायला पतंजलीने सांगितलेले नाही. आसनाला मानसोपचार करून ठेवणे हाही एक ऱ्हासच.

ध्येयाबद्दल माझा वाद नाही. पण निरोध म्हणजे दडपणे, हे सूत्रांतून निघत नाही. क्लेशांच्या चार अवस्था तिथे सांगितल्या आहेत : प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार. झोपलेला, क्षीण झालेला, दुसऱ्याने तात्पुरता झाकलेला आणि उघड. व्यासाने दिलेला दाखला फार मार्मिक आहे : चैत्राचे एका स्त्रीवर प्रेम आहे, म्हणून इतरांविषयी तो विरक्त झाला असे होत नाही, तिथे राग फक्त वळणावर थांबला आहे. दिसत नाही म्हणजे गेला, या समजुतीवर भाष्यकाराने शतकांपूर्वीच बोट ठेवले. आधुनिक बाजूने ग्रॉस आणि लेव्हेन्सन यांनी १९९०च्या दशकात दाखवले की भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याचा प्रयत्न केला, तर दुःखद अनुभव कमी होत नाही, उलट शरीराची अंतर्गत खळबळ वाढते. म्हणजे वर्गात शांत चेहऱ्याने पडून राहिलेला माणूस योगस्थ असेल किंवा नुसता विच्छिन्न असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून योगशिक्षणाकडून माझ्या अपेक्षा साध्या आहेत. शिक्षकांच्या अभ्यासक्रमात स्नायूंच्या नकाशाबरोबर क्लेशांच्या अवस्था आणि सात्त्विक भाव शेजारी-शेजारी शिकवावेत. ‘भावना’ या शब्दाचा जुना, पूट देण्याचा अर्थ विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगावा. वर्गात कुणी रडले तर त्याला चांगला विचार पुरवू नये. थांबावे, पाणी द्यावे, विचारले तर ऐकावे. आणि मनाच्या आजारावरचे औषध डॉक्टरांना विचारल्याखेरीज सोडायला सांगण्याचा अधिकार योगाच्या कोणत्याही ग्रंथाने कुणालाही दिलेला नाही, हे प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर ‘ताणमुक्ती’च्या वर लिहावे.

औंधने आपल्याला नियम दिला, लोणावळ्याने मोजमाप दिले, पुण्याने आसनातली सूक्ष्म नजर दिली. या तिन्ही गोष्टी जवळ असताना कंप आला की तो कशाचा, हे विचारण्याची सवय मात्र आपल्या योगलेखनाला लागली नाही. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चौघींची यादी पतंजलीने दुसऱ्यांशी वागण्यासाठी दिली. तिची पहिली पूट आपल्या स्वतःच्या दुःखाला द्यायला काही हरकत नसावी.